मागच्या दाराची जागा

२ एप्रिल २०२५
घरून

चि. मयुरी,

आशीर्वाद असं लिहून मी दोनदा खोडलं. द्यायचा मला हक्क उरला आहे की नाही ते तू ठरव. मी तुझ्या वडिलांचा मोठा भाऊ आहे, तेवढं तरी कागदावर राहू दे.

पत्र लिहायचं कारण असं की तुझा फोन लागत नाही. मुलगा योगराज म्हणतो, "आबा, लागतो. ती उचलत नाही." काय असेल ते असो. तुझ्या धुळ्याच्या ऑफिसचा पत्ता तूच काढलेल्या आमच्या नव्या घराच्या नकाशाच्या कोपऱ्यातून उतरवून घेतला. पिन कोडचा शेवटचा आकडा एक आहे की सात, यात माझे दोन दिवस गेले. एक लिहिला आहे. चुकला असेल तर हे पत्र तुला मिळणारच नाही, आणि मग हे वाक्य लिहून उपयोग नाही, पण लिहिलं.

काम लहान आहे. मागच्या भिंतीत, स्वयंपाकघराच्या बाजूला, हवा खेळावी म्हणून एक खिडकी काढायची आहे. छगन मिस्त्री म्हणतो, त्या भिंतीत पाण्याची पाइप आहे आणि एक कॉलमही आहे. नकाशा बघितल्याशिवाय तो छिन्नी लावायला तयार नाही. माझ्याकडे घराच्या पुढच्या बाजूचा तेवढा कागद राहिला. बाकीचे बांधकामावर भिजले. तुझ्याकडे असतीलच. मागच्या भिंतीचा कागद पाठवून दे, तुला यायची तसदी नको.

घर चांगलं आहे. येणारा-जाणारा चांगलंच म्हणतो. उन्हाळ्यात थोडं तापतं, पण भडगाव तालुक्यात न तापणारं घर कोणतं. तुझ्या मोठ्या आईची तब्येत बरी आहे.

वास्तुशांतीला तू न जेवता गेलीस. तुझं डोकं दुखत होतं असं मी पाहुण्यांना सांगितलं. दुखत असेलच.

उखर्डू पुना पाटील

डिंक वाळला होता, म्हणून पाकिटाला भाताची शितं लावली आहेत. उघडताना जपून.


१५ एप्रिल

चि. मयुरी,

तेरा दिवस झाले. पोस्टमनला रोज विचारतो. काल तो म्हणाला, "आबा, माझ्या पिशवीत आता बँकेचे कागद सोडून काही नसतं. तुम्हाला पत्र येईल कुठून?" मी म्हणालो, येईल. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

मागच्या पत्रात मोठ्या आईची तब्येत बरी असं लिहिलं होतं. तब्येत बरीच आहे. पण ती घरी नाही. डिसेंबरात गुडघ्याच्या इलाजासाठी सुलक्षणाकडे पिंपळनेरला गेली. फेब्रुवारीत डॉक्टरने काठी सोडायला सांगितली. आता एप्रिल निम्मा संपला. मी फोन करतो तेव्हा असं बोलणं होतं:

"कधी येशी?"

"देखसू."

"काय देखशी?"

"आते काय घाई शे."

मग सुलक्षणा फोन घेते आणि मला माझं जेवण विचारते. सून डिंपल जेवण वेळेवर देते. उपाशी नाही. पण आखाजी पंधरा दिवसांवर आली. आखाजीला लेकी माहेरी येतात. आमच्याकडे आईच लेकीच्या घरी जाऊन बसली आहे, आणि सुलक्षणाला माहेरी बोलवायचं तर माहेरी आहे कोण? गावात विचारतात. मी म्हणतो, गुडघा.

तू विचारशील, याचा खिडकीशी काय संबंध. सांगतो.

नव्या घरात पहिल्या उन्हाळ्यात ती दुपारी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. मांडीवर डाळीचं ताट. तोंड मागच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर काहीच नाही, साधा खिळासुद्धा नाही. मी एकदा विचारलं, काय बघतेस? म्हणाली, भिंत.

मग काही दिवसांनी ती दुपारी दिसेनाशी झाली. पुढच्या फाटकातून निघून, मारुतीच्या देवळावरून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून ती मागच्या बोळात जाऊ लागली. तुला बोळ माहीत नसेल. आमच्या घराच्या पाठीमागे चार घरांची मागची दारं एकमेकांसमोर येतात, तेवढा तो बोळ. जुन्या धाब्याच्या घरात तिला तिथे जायला एक उंबरा ओलांडावा लागायचा. नव्या घरातून बोळाच्या तोंडापर्यंत मी मोजलं, दोनशे अठरा पावलं. माझी. तिची जास्त भरतील. तेही वैशाखाच्या उन्हात आणि दुखऱ्या गुडघ्याने.

देवळाच्या ओट्यावर माणसं बसतात. एकाने मला विचारलं, वहिनी रोज भरदुपारी कुठे जातात? मी घरी येऊन तिला म्हणालो, लोक बघतात, बरं दिसत नाही. त्या दिवसापासून तिने जाणं बंद केलं. भांडली नाही. खुर्ची परत फ्रिजसमोर ठेवली.

गुडघा आधीपासून दुखत होता. फार झाला तो त्या फेऱ्यांनी. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच मोजलं.

तर खिडकी नको. दार पाहिजे. जिथे जुनं होतं तिथे. कागद पाठव.

आबा


१ मे

चि. मयुरी,

काल आखाजी झाली. घागर भरली, पितरांना आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवला. सगळं डिंपलने केलं. बोळाच्या टोकाला निंबाला झोके बांधले होते, पोरींची गाणी माझ्या खोलीपर्यंत येत होती. आवाज येतो, हवा येत नाही, असं ते घर आहे.

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे. मी दोन पत्रं लिहिली आणि मुख्य गोष्ट दोन्हींत लिहिली नाही.

आधी कालचं सांगतो. दुपारी मी बोळात गेलो. मयुरी, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्या जुन्या घरातच जन्मलो. आईचं बोट धरून गेलो असेन तेवढाच. मिसरूड फुटल्यावर एकदाही नाही. पुरुष तिकडून जात नाहीत. कुणी मनाई केलेली नाही. जात नाहीत, एवढंच. बैल पुढून, पाहुणे पुढून, आम्ही पुढून. मला वाटायचं तिकडे राख, खरकटं पाणी आणि उकिरडा असेल.

तिथे सावली होती. दोन्हीकडच्या भिंती इतक्या जवळ आहेत की बाराची वेळ सोडली तर ऊन जमिनीला लागतच नाही. गिरणा नदीकडचा वारा त्या अरुंद जागेतून शिरतो तेव्हा अंगावरचा सदरा हलतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. सात-आठ बाया बसल्या होत्या. कुणी शेंगा सोलत होती, कुणी नुसती पाय लांब करून. मला बघून सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि बोलणं थांबलं. मी परत फिरणार होतो.

शेजारची कुंदाबाई म्हणाली, "या आबा. रस्ता चुकनात का?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

आमच्या भिंतीला लागून जुन्या मागच्या दाराची पायरी अजून तिथेच आहे. तो काळा दगड तुला आठवत नसेल, मध्यभागी झिजून खोलगट झालेला. छगनला तो हलला नाही म्हणून त्याने तसाच सोडला. आता समोर दार नाही, नुसती सिमेंटची भिंत आणि तिच्या पायाशी पायरी. दगडाच्या एका टोकाला एक बाई बसली होती, दुसऱ्या टोकाला दुसरी. मधली जागा रिकामी होती. मी तिथे टेकायला गेलो.

कुंदाबाई म्हणाली, "तठे नका बसू आबा. ती जागा यशोदाअक्कानी शे."

मी उभा राहिलो. पाच महिने ती गावात नाही. आणि त्या तिची जागा सोडून बसतात.

मग मी उभ्या उभ्याच बोललो. तुला आता ते सांगायचं आहे. म्हणालो, "कुंदा, वास्तुशांतीले तू माले सगळ्यांमा इचारं, मांगलं दार कोठे गयं. मी सांगं, पोरीनी नकाशामा ठेवंच नही, शिकेल पोरीसले घरमानलं काय समजस. ते खोटं शे. पोरीनी चूक नही. मन्ही शे."

मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील. कुंदाबाई शेंगा सोलत राहिली.

"हाई तं आम्हले तधळच माहीत व्हतं," ती म्हणाली. "पोर दोन रोज आठे व्हती. तिले बोळमा यावानं व्हतं. तुम्ही तिले जीपमा घालीसन केळीना बाग दखाडाले लई ग्यात. दोन्ही दुपार. आम्ही देखं नही का?"

पलीकडची ताईबाई म्हणाली, "पोरले केळी खावाड्यात का नुसता बाग दखाडा?"

परत सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण माझ्याने झालं नाही.

तर हे घडलं. वास्तुशांतीला तुझ्या हातात जेवणाचं ताट होतं. तू माझ्याकडे बघितलंस. दोनशे माणसं होती. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं तोंड काळं झालं असतं, आणि तू बोलणार नाहीस हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. त्या भरवशावर मी बोललो. तू ताट खाली ठेवलंस. अभिमन तेव्हापासून या घराची पायरी चढला नाही. तुझे वडील, पण माझा धाकटा भाऊ, ज्याला मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं.

भडगावच्या डॉक्टरांच्या घराचं काम तुला मिळणार होतं, तेही गेलं असं ऐकलं. ते एकदा आमच्याकडे आले होते. बैठकीत घाम पुसत म्हणाले, हे तुमच्या पुतणीने काढलेलं ना? मी हो म्हणालो. तेवढंच म्हणालो.

आबा


१३ मे

मयुरी,

पाकीट मिळालं. पोस्टमनने हाक मारून दिलं, "आबा, आलं तुमचं." मला वाटलं, नकाशा. आत वहीचं एक पान निघालं. चिठ्ठी नाही.

पान ओळखलं. ओट्यावर बसून वाचता येईना, खोलीत गेलो, दार लावलं. आता लिहितो ते एका दमात लिहितो, नाहीतर परत खिडकी म्हणेन.

नकाशा काढण्याआधी तू ती वही मोठ्या आईला दिली होतीस. वीस प्रश्न, एकेका पानावर एकेक, खाली जागा मोकळी. तू म्हणाली होतीस, "मोठी आई, वेळ लागू दे, पण तूच लिही. कुणाला विचारू नको." ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. हळू लिहिते, पण लिहिते. वही चार दिवस चुलीच्या वरच्या देवळीत होती. पाचव्या दिवशी मी काढली आणि एका बैठकीत सगळी भरून टाकली. ती काय लिहिणार, असं वाटलं. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीसमोर आमच्या घराचं हसू नको, असंही वाटलं. मी सहावी सोडलेली असली तरी माझं अक्षर चांगलं आहे. सोसायटीचे अर्ज मीच लिहायचो.

काय लिहिलं ते माझ्या लक्षात आहे, कारण तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं.

घरात कोणती जागा फक्त तुमची आहे? मी लिहिलं, सगळं घर तिचंच आहे.

कोणता आवाज आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं? मी लिहिलं, टीव्ही.

रडू आलं तर कुठे जाता? मी लिहिलं, रडण्यासारखं काही नाही.

आणि तू पाठवलेलं हे पान. दुपारी दोन ते चार तुम्ही कुठे बसता? त्याखाली माझ्या अक्षरात आहे, घरकामात असते, बसत नाही. मागच्या दाराची गरज नाही. आणि त्या ओळीच्या खाली काळपट डाग, त्याभोवती तू लाल पेनने चौकोन काढला आहेस.

हो. तिथे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि खोडरबराने पुसलं. खोडरबर जुना होता, नीट पुसलं गेलं नाही. पान उन्हाकडे धरलं तर आजही दिसतं.

"मांगला दारजोडे बसस. तठे वारा येस नि बाया येतस."

वीस प्रश्नांतलं ते एकच उत्तर तिने लिहिलं होतं. पहिलंच. बाकी ती हळूहळू लिहिणार असेल.

का पुसलं ते विचारशील. मला स्वयंपाकघराच्या बाजूला खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या ठेवायला कोठी हवी होती. सलग भिंत हवी होती. दार आलं की भिंत तुटते, गोण्या लागत नाहीत. एवढंच. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. चोरी, वास्तुशास्त्र, काहीतरी. गोण्यांसाठी पुसलं.

आणखी एक. दार नको म्हटल्यावरही तू त्या भिंतीत वर विटांची जाळी ठेवली होतीस, पाच ओळींची. छगनला समोर उभं करून तू सांगितलं होतंस, वारा नदीकडून पुढच्या खिडक्यांतून आत येईल, त्याला बाहेर जायला ही जाळी आहे, ही बुजली तर आलेला वारा आत कोंडेल आणि घर भट्टी होईल. मी शेजारी उभा होतो. तू गेल्यावर आठ दिवसांनी मी ती बुजवायला लावली. घुशी शिरतील म्हणालो. जाळीतून घूस शिरत नाही, छगननेही सांगितलं. तरी बुजवली. तुझे डॉक्टर ज्या घरात घाम पुसत होते ते तू काढलेलं घर नव्हतं. ते माझं घर होतं.

पानाच्या मागे तू एक ओळ लिहिली आहेस. "आबा, हे मी पाया भरल्यावर वाचलं. तेव्हाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही."

ही ओळ वाचून मला जे झालं ते त्या लाल चौकोनानेही झालं नाही. तुझं पहिलं काम होतं. मी घरातला मोठा. काम काढून घेईन अशी भीती तुला वाटली असेल, आणि मी काढून घेतलंही असतं. तुझ्या वाट्याचं तू ठेव, माझं त्यात कमी होत नाही.

छगनला मी जाळी उघडायला सांगितलं आहे. तेवढ्याला नकाशा लागत नाही. कोठी रिकामी केली. गोण्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. योगराज म्हणाला, "आबा, हे आधी नसतं झालं?"

पुढच्या आठवड्यात पिंपळनेरला जातो. दोनशे पानी नवी वही घेतली आहे. तुझे वीस प्रश्न मला पाठ आहेत.

आबा


२६ मे
पिंपळनेर

चि. मयुरी,

हे पत्र वहीसोबत पाठवतो आहे. वही आधी वाचलीस तरी चालेल. माझं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

तीन दिवस झाले इथे येऊन. साक्रीपासून पुढे रस्त्याला हवा जरा वेगळी लागते, डोंगर जवळ आल्यासारखे वाटतात. सुलक्षणाचं घर लहान, पण तिच्या मागच्या अंगणात शेवग्याचं झाड आहे. यशोदा दिवसभर त्याच्याखाली बसते. काठी नाही. मला बघून म्हणाली, "बठा." पाणी दिलं. गुडघा कसा आहे विचारलं तर म्हणाली, "बरा शे कधयना." कधीचाच.

पहिला दिवस वही पिशवीतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन तिच्यासमोर बसलो. ती मटकी निवडत होती. मी म्हणालो, मागच्या वेळी तुझं उत्तर मी पुसलं होतं.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतू ते तुम्ही पुसं नसतं का?"

तिने हे रागाने म्हटलं नाही. खडा सापडला तो बाजूला टाकत म्हटलं.

मग मी एकेक प्रश्न विचारला. ती बोलेल तसं लिहिलं, तिच्याच बोलीत, एक शब्दही सुधारला नाही. तुला ते कळेल. काही इथे लिहितो, कारण लिहिल्यावर मला ते नीट ऐकू येतात.

दुपारी कुठे बसतेस? "मांगला दारजोडे. त्या दगडवर."

फक्त तुझी जागा? हसली. "तोच दगड."

कोणता आवाज? "कुंदानी कडी. ती वाजनी का समजस, तीन वाजनात. तिन्ही सासू झोपनी."

कुंदाची सासू वारून अकरा वर्षं झाली, मी म्हणालो. ती म्हणाली, "तरी ती तीनलेच उघडस."

दारातून काय दिसायला पाहिजे? "निंब. नि कोण ऊनं, कोण गयं."

दार किती रुंद? इथे तिने मटकीचं ताट खाली ठेवलं, दोन्ही हात पसरून दाखवले आणि म्हणाली, दोन बाया उंबऱ्यावर बसतील आणि तिसरी मधून घागर घेऊन जाईल इतकं. मी सुलक्षणाच्या शिवणाच्या टेपने तिचे हात मोजले. आकडा वहीत आहे. उंबरा उंच नको, गुडघा आहे. वर छज्जा फार पुढे नको, नाहीतर निंब दिसणार नाही. हे सगळं तिने न थांबता सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एका वेळी एवढं कधी बोलली नव्हती, आणि बोलली ते एका दाराबद्दल.

मी विचारलं, मी कधी त्या दारातून आलो तर?

"तुमनाकरता पुढलं शे ना," ती म्हणाली.

सुलक्षणा आतून हसली. मी ते वहीत लिहिलं. त्याला प्रश्न नव्हता, तरी लिहिलं. छगनलाही सांगून ठेवणार आहे, कडी आतून पाहिजे, आणि ती तिच्या हाताच्या उंचीवर.

मग मी विचारलं, घरी कधी येशील? हा प्रश्न तुझ्या वीसांत नाही. ती म्हणाली, "मयुरी येवू दे. तिले आठे येवू दे, माले इचारू दे. मंग तिन्हासंगे येसू. दार ती सांगी तठे व्हवाले पाहिजे, तुम्ही सांगशात तठे नही."

तर असं आहे. नकाशा पाठव असं मी दोन महिने तुला लिहीत होतो. नकाशाने भागणार नाही. तिने तुलाच बोलावलं आहे. माझ्याकडून बोलावणं जातंय, एवढंच वाईट. धुळ्याहून साक्रीमार्गे इथली बस दर तासाला आहे. तू आलीस तर मी इथे नसेन, उद्या सकाळी गावी परत जातो. तुला माझ्यासमोर बसावं लागणार नाही. जेवल्याशिवाय जाऊ नको, ती जाऊ देणारही नाही.

भडगावच्या डॉक्टरांकडे मी येताना जाऊन आलो. त्यांना सांगितलं की जाळी मी बुजवली होती आणि दार मी काढून टाकलं होतं, पोरीच्या नकाशात दोष नव्हता. त्यांचं घर दुसऱ्याकडून निम्मं बांधून झालं आहे. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग, आबा?" मी म्हणालो, उपयोग नाही. तरी बसून सगळं सांगितलं. अभिमनकडे अजून गेलो नाही. त्याच्या दारापर्यंत गेलो होतो.

वहीबद्दल एकच सांगायचं राहिलं. शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं पान बघ. रडू आलं तर कुठे जाता, हा प्रश्न. मी तो विचारला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मग ताट उचललं, पदरात निवडलेली मटकी ओतली आणि उठताना म्हणाली, "हाई मयुरीले सांगसू. तुमले नही."

मी पेन घेऊन बसलो होतो. सांगितलं नाही, असं लिहायला लागलो होतो. मग तेही लिहिलं नाही.

ते पान कोरं आहे. चुकून राहिलेलं नाही.

आबा